बंदुका मोजल्या कुणी?

जगातली सर्वांत मोठी नदी कोणती, असं नरवडे सरांना विचारलं की ते आधी हातातला खडू खाली ठेवायचे. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायचे आणि विचारणाऱ्याकडे अशा काळजीनं बघायचे की आपल्याच हातून काही चूक झाली असं त्याला वाटावं. "मोठी म्हंजे कशानं मोठी? लांबीनं का पाण्यानं? उगम कोणता धरला? आन् मोजली कुणी?" नदीचं उत्तर मिळेपर्यंत तास संपायचा. पोरं घड्याळाकडे बघत वह्या मिटायची, आणि शेजारच्या वर्गात मी मनातल्या मनात आमच्या संचालकांचा उद्धार करायचो. असल्या माणसाला सामान्य ज्ञान शिकवायला ठेवायची बुद्धी त्यांना कुठून झाली, हे मला कळत नव्हतं.

उस्मानपुऱ्यात चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास होता. गणित-बुद्धिमत्ता माझ्याकडे, सामान्य ज्ञान सरांकडे. दोन वर्गांच्या मधे प्लायवूडची भिंत, त्यामुळे तिकडचा शब्द न् शब्द इकडे यायचा. मी शेकडेवारी शिकवत असलो की पलीकडून सरांचा आवाज यायचा, "मोजलं कुणी?" आणि माझी पोरं खुदकन हसायची. पुढं पुढं तीही माझ्या उदाहरणांना हाच प्रश्न लावायला लागली, तेव्हा मात्र मी खरोखर चिडलो. तीन नळांनी टाकी किती वेळात भरते हे मोजायला कुणीही टाकीवर जाऊन बसलेलं नसतं, हे त्यांना कसं समजावणार?

एकदा चहा पिताना मी सरांना सरळ सांगितलं, "सर, ही पोरं गंगापूर, पैठण, सिल्लोडहून येतात. पुंडलिकनगरात एकेका खोलीत चार-चार जणं राहतात, हातानं स्वयंपाक करतात. त्यांना नोकरी पाहिजे. उत्तरतालिकेत छापलंय ते खरं, एवढं सांगा आणि मोकळे व्हा."

सर बशीतला चहा फुंकत होते. ते कायम बशीतूनच प्यायचे. म्हणाले, "जोशी सर, तुमचं बरंय. तुमच्याकडं दोन आन् दोन चार. माझ्याकडं दोन आन् दोन किती, हे कोण सांगतंय त्याच्यावर आहे." मग बशी खाली ठेवून जरा ओशाळे झाले. माणसाला दुखावलं की काय, अशी शंका त्यांना प्रत्येक वाक्यानंतर यायची.

सर उंच होते, आणि उंच माणसं दारातून जाताना वाकतात तसे ते मोकळ्या मैदानातही थोडे वाकलेलेच असायचे. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. खडूला कागद गुंडाळून धरायचे, म्हणजे बोटं पांढरी होत नाहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नांदेडला सासरी. पुंडलिकनगरात दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि भाजी आणायला मला सोबत न्यायचे. तो एक छळच होता. गुलमंडीवर एखादा गाडीवाला ओरडला, "एक नंबर केशर, एक नंबर!" की सर थांबलेच. "एक नंबर कुणी दिला?" गाडीवाला गोंधळायचा. "दोन नंबरचा दाखीव आधी, मंग ठरवतो." गाडीवाल्यानं शिव्या देऊ नयेत म्हणून मला निष्कारण दोन किलो आंबे घ्यावे लागायचे.

हे खूळ त्यांना लागलं कुठून, ते एकदा त्यांनीच सांगितलं. तरुणपणी ते विनाअनुदानित शाळेवर होते. आज ना उद्या अनुदान येईल म्हणून बिनपगारी शिकवायचं आणि सरकारनं सांगितलेली हर एक गोष्ट मोजायची. एकदा फुलंब्रीकडच्या एका वस्तीवर ते जनावरं मोजायला गेले. जितकी शेळ्यांची नोंद तितकी मदत मिळणार, अशी आवई उठलेली. पहिल्या घरी शेळ्या मोजल्या. दुसऱ्या घरी मोजल्या. तिसऱ्या घरी मोजताना एक शिंग तुटलेली शेळी त्यांच्याकडे बघायला लागली. "जोशी सर, ती मला वळखत व्हती! आदल्या दोन्ही घरी भेटलेलो ना आमी." पाठीमागच्या बोळातून सगळा कळप त्यांच्या पुढे पुढे पळवत नेला जात होता. सरांनी ती नोंद खोडली, वस्तीवाल्यांनी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही, आणि वर कचेरीत साहेबानं झापलं की आधीचाच आकडा बरा होता. तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की सर त्याच्यात तुटक्या शिंगाची शेळी शोधायचे.

हे सगळं मी हसत हसत ऐकायचो. त्यातून कुणाचं काही बिघडेल असं मला कधी वाटलं नाही.

बंदुकांचं प्रकरण सुरू झालं ते एका गाइडमुळे. 'जगातील सर्वांत मोठे' असं एक पान प्रत्येक गाइडात असतं. वाळवंट, धरण, पक्षी, पुतळा, आणि त्यातच एक ओळ होती: सर्वांत मोठा बंदूक उत्पादक. पुढं एका परदेशी कंपनीचं नाव. सरांनी दुसरं गाइड काढलं, तर तिथं वेगळं नाव. तिसऱ्यात तिसरंच. दुसरा कुणी असता तर त्यानं खपाचं गाइड बघून एक नाव सांगून टाकलं असतं. सर मला घेऊन शहागंजला निघाले.

शहागंजच्या मागच्या गल्लीत परवान्याच्या बंदुकांचं एक जुनं दुकान होतं. काचेच्या कपाटात दोन-तीन बंदुका, बाकी सगळ्या फळ्यांवर क्रिकेटच्या स्पर्धांचे चषक. दुकानाचे मालक चाचा गल्ल्यावर पेपर वाचत होते. सरांनी विचारलं, दुनियेत सगळ्यात जास्त बंदुका कोण बनवतो? चाचांनी आम्हा दोघांना आधी आपादमस्तक न्याहाळलं.

"मास्टर, मेरेकू क्या मालूम? साल में एक बिकी तो ईद है अपनी. इलेक्शन आया के लोगां बंदूक ठाणे में जमा करते, और मैं कप बेचता. कप होना क्या? नाम फुकट में डाल के देतूं."

पण सरांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी कपाटातून दोन बंदुका काढून काचेवर ठेवल्या. दोन्हींवर कंपनीची खूण एकच, पण खाली देशांची नावं वेगवेगळी. सर वाकून वाकून बघत राहिले. बंदूक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिली होती आणि ते बघत होते फक्त ती बारीक अक्षरं. "म्हंजे ही तिकडं बी मोजली आन् इकडं बी मोजली आसंल," ते माझ्या कानात म्हणाले. "शेळी!"

त्या आठवड्यात सरांनी अख्खा तास बंदुकांवर घेतला. मी माझ्या पोरांना गणितं सोडवायला देऊन भिंतीला टेकून ऐकत होतो. काही कंपन्या नुसती पिस्तुलं करतात, काही रायफली, काही पक्षी मारायच्या छऱ्याच्या. मग नग म्हणून हवेवरची बंदूकही धरायची का? काही कंपन्या आकडा सांगतात, पण विकलेल्याचा. बनवलेल्याचा सांगत नाहीत. काही देशांत कारखाना सरकारचा, तिथं आकडा हे गुपित. एकेका रायफलीची नक्कल देशोदेशी होते, परवानगीनं आणि परवानगीशिवायही, ती कुणाच्या नावावर टाकायची? "आन् पोराहो, हे जे नाव खपाच्या गाइडात छापलंय ना, ते पैशाच्या यादीतनं उचललंय. त्या यादीत वर जी कंपनी आहे ती लढाऊ इमानं आन् क्षेपणास्त्रं इकती. बंदुकीचा आन् तिचा फारसा संबंध नाय. आपण उत्पादन इचारलं, त्यांनी उलाढाल छापली."

बऱ्याच पोरांनी तोवर डुलक्या काढल्या असाव्यात. एका मुलीचा आवाज आला, "मंग सर, परीक्षेत आलं तर टिक कशावर करायची?"

ती अर्चना बोराडे. पैठण तालुक्यातली. पहिल्या बाकावर बसायची, आणि सरांच्या तासाला डुलकी न काढणारी बहुधा एकटीच. माझ्याकडेही हुशार होती. पण तिचं वय निघत आलं होतं. आमच्याकडे असंच म्हणतात, वय निघालं. भरतीची वयोमर्यादा ओलांडली की माणूस त्या दाराशी परत जाऊ शकत नाही. गावाकडं धाकट्या भावाचं लग्नसुद्धा उरकलं होतं. एका सरकारी खात्याची परीक्षा तोंडावर आलेली, आणि ती तिची शेवटची होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

सरांनी खडू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं, "बेटा, जे जगात कुणालाच ठाऊक नाय, त्याच्यासाठी हातातले मार्क कशाला घालवायचे? चुकलं तर वजा व्हतंय. सोडून द्यायचं."

"व्हय सर," अर्चना म्हणाली.

तो प्रश्न परीक्षेत आला.

परीक्षा सुटली आणि पोरं घोळक्यानं क्लासवर आली. 'उत्पादन संख्येनुसार जगातील सर्वांत मोठी बंदूक उत्पादक कंपनी कोणती?' खाली चार पर्याय, आणि त्यांतला 'ब' म्हणजे तीच, विमानं आणि क्षेपणास्त्रंवाली. सर प्रश्नपत्रिका हातात घेऊन अगदी हरखून गेले. "बघा, आपण केलेलं! बघा!" ज्या पोरांनी तो तास बुडवला होता त्यांनी गाइड आठवून 'ब' ठोकला होता. अर्चनानं प्रश्न सोडून दिला होता. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. उत्तरतालिका लागली तेव्हा 'ब' बरोबर होता.

मी हिशोबातला माणूस. तिचे बाकीचे मार्क मी त्याच संध्याकाळी मागच्या भरतीच्या कटऑफशी ताडून बघितले. ती अगदी काठावर होती. तो एक प्रश्न मिळाला तर आत, नाही तर बाहेर. हे मी सरांना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं.

त्यानंतरचे सर मला नीट बघवत नव्हते. उत्तरतालिकेवर आक्षेप घ्यायला थोडे दिवस असतात आणि तो ऑनलाइनच घ्यावा लागतो. आम्ही दोघं नेट कॅफेत जाऊन बसलो. प्रश्न रद्द करावा, असा पर्याय होता. सरांच्या चेहऱ्यावर केवढा उजेड पडला. पण त्याच्या पुढं होतं: पुरावा म्हणून प्रमाणित ग्रंथातलं पान जोडा. प्रश्नाचं उत्तर कुणालाच माहीत नाही, असं सांगणारं पान कुठल्या ग्रंथात असतं? उत्तर 'अ' आहे म्हणून सांगणारं पान मिळालं असतं, 'क'चंही मिळालं असतं. सर म्हणाले, "खोटं पान लगेच भेटन जोशी सर. खऱ्याचं भेटंना." मी म्हणालो, मग खोटंच जोडू. मनापासून म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच मला उलट प्रश्न विचारला नाही.

मग त्यांनी एक अचाट उद्योग केला. त्या कंपन्यांनाच पत्रं लिहिली. कॅफेवाल्याकडून ई-मेल करवून घेतले, माझ्याकडून इंग्रजी तपासून घेतलं. आपण वर्षाला एकूण किती बंदुका बनवता, त्यात दुसऱ्या देशांत बनलेल्या धरता का, कृपया कळवावे, एका विद्यार्थिनीच्या भवितव्याचा प्रश्न आहे. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकीचं आलं. आमच्या उत्पादनांत रस दाखवल्याबद्दल आभार, आणि सोबत नव्या पिस्तुलांची रंगीत चित्रं. पुढं कितीतरी महिने सरांच्या मोबाइलवर सणासुदीला त्या कंपनीच्या सवलती येत होत्या. ही गोष्ट मी लोकांना सांगतो तेव्हा सगळे हसतात. मीही हसतो. त्या दिवशी कॅफेत मात्र सर ती चित्रं एकेक करून खाली सरकवत शेवटपर्यंत गेले, कुठं आकडा लिहिलाय का बघायला.

शेवटी त्यांनी स्वतःच्याच अक्षरात दोन पानं लिहून जोडली. परीक्षा घेणाऱ्या मंडळाला फोन केला की एक मुलगी गोड आवाजात सांगायची, आपला आक्षेप नोंदवला आहे. सरांनी तिलाही विचारलं, "वाचला का कुणी?" ती पुन्हा म्हणाली, आपला आक्षेप नोंदवला आहे. अंतिम उत्तरतालिका आली, तिच्यात 'ब' जिथल्या तिथं होता.

निवड यादी लागली त्या दिवशी अर्चना क्लासवर आली. सर तिला सामोरे गेले नाहीत. रिकाम्या वर्गात फळ्याकडे तोंड करून बसून होते. ती आत गेली, आणि मी पलीकडच्या वर्गात होतो, म्हणून मला ऐकणं भाग होतं.

"सर, तुमी जीवाला लावून घेऊ नका."

बाक ओढल्याचा आवाज आला, ती बसली असावी.

"माझं बोट गेलं व्हतं सर 'ब' वर. गाइडात वाचलेलं मी बी. मंग तुमी आठवले, आन् म्हणलं नाय, हे खोटंय." जरा थांबून ती म्हणाली, "बरोबर तर आपुनच व्हतो ना सर?"

"व्हय," सर म्हणाले. "बरोबर आपुनच."

ती रागावली असती, आदळआपट केली असती, तर सरांना सोपं गेलं असतं असं मला वाटतं. तिनं त्यांच्या पायाला हात लावला आणि ती जिना उतरून गेली. मी माझ्या वर्गात खडू हातात धरून उभा होतो. इतकी वर्षं मीच बरोबर होतो, हे त्या क्षणी सिद्ध झालं होतं, आणि मला त्याची नुसती किळस आली.

महिन्याभरानं क्रांती चौकात आमच्या क्लासचा फ्लेक्स लागला. निवड झालेल्यांचे फोटो, खाली संचालकांचा हात जोडलेला मोठा फोटो. बंदुकांचा तास बुडवून चहा प्यायला गेलेली दोन पोरं त्यात होती. चांगली पोरं, पेढे घेऊन सरांच्या पाया पडायला आली. सरांनी अर्धा अर्धा पेढा खाल्ला. पोरांना आशीर्वादही दिला. त्या पोरांचाही त्यात काही गुन्हा नव्हता.

अर्चना गावाला परत गेली नाही. संचालकांनी तिला क्लासमध्येच कामाला ठेवलं, सराव परीक्षांचे पेपर तपासायला. जिन्यातून आत आलं की लगेच तिचं टेबल. रोज सरांना तिच्यासमोरूनच वर्गात जावं लागायचं.

भिंतीपलीकडचा आवाज त्यानंतर बदलला. सर गाइड उघडून वाचून दाखवायचे. सर्वांत मोठं वाळवंट, लिहा. सर्वांत मोठा पक्षी, लिहा. तास वेळेत संपायचा. पोरं खूश, संचालक तर फारच खूश. मला म्हणाले, "नरवडे सर आता लाइनीवर आले बघा." मी मान हलवली. माझ्या पोरांना मात्र आता मीच मधे मधे विचारायला लागलो होतो, हे खरं कशावरून. कुणी तरी विचारायला पाहिजे, असं वाटायचं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते एका सराव परीक्षेनंतर. ते क्लास सोडून मुलीकडे नांदेडला जाणार होते, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळची गडबड ओसरली होती. मी सह्या करत होतो, अर्चना पेपरांच्या गठ्ठ्यात मान घालून बसली होती, आणि सर हेल्मेट हातात घेऊन निघाले होते. सामान्य ज्ञानाचा पेपर त्यांनीच काढलेला, म्हणजे गाइडातून उतरवलेला. उत्तरतालिकेत एका ठिकाणी शाई पसरली होती.

"सर," अर्चनानं मान वर न करता विचारलं, "बंदुकीवाल्याचं काय धरू? दिसंना."

सर थांबले. हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"ब."

तिनं लाल पेनानं समोरच्या पेपरावर बरोबरची खूण केली. पुढचा पेपर घेतला, त्यावरही केली. तिसऱ्या पेपरात कुण्या मुलानं तो प्रश्न मोकळाच सोडलेला होता. तिचं पेन तिथं थांबलं.

"मोजलं कुणी, सर?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. सर वर्षानुवर्षं विचारायचे तसंच, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं होतं. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. आता ते बोलतील म्हणून मी हातातलं पेन खाली ठेवलं. चष्मा पुसून झाला, डोळ्यांवर चढला, आणि सर नेहमीसारखे दारातून वाकून जिना उतरायला लागले.

अर्चनानं त्या मुलाच्या मोकळ्या प्रश्नापुढं शून्य लिहिलं आणि पान उलटलं.